पायऱ्यांचं गणित

‘आता कसं वाटतंय?’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपण आकड्यात उत्तर देत नाही. ‘बराच उतार आहे’, ‘जरा बरं आहे’, ‘आहे तसंच आहे’, ‘जास्तच झालंय’ अशी आपली उत्तरं असतात. या उत्तरांना एक क्रम आहे. ‘बराच उतार’ हे ‘जरा बरं’च्या वरचं आणि ‘तसंच’ हे ‘जास्त झालंय’च्या वरचं, याबद्दल कुणाचं दुमत होणार नाही. पण ‘बराच उतार’ आणि ‘जरा बरं’ यांच्यात नेमकं किती अंतर आहे, ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही. क्रम ठाऊक आहे, अंतर ठाऊक नाही. संख्याशास्त्रात अशा माहितीला ‘क्रमदर्शक’ माहिती म्हणतात. दोन औषधांचं, दोन शाळांचं किंवा दोन बियाण्यांचं डावं-उजवं ठरवायचं आहे आणि हाती अशी पायऱ्यांचीच माहिती आहे, तर कोणती कसोटी लावायची, एवढाच आजचा विषय आहे.

विषय कोरडा वाटेल, पण त्याचा संबंध आपल्या औषधाच्या गोळीशी आहे. एखादं औषध गुणकारी आहे की नाही, हे शेवटी रुग्णांच्या दोन गटांची तुलना करूनच ठरतं, आणि रुग्णाची प्रकृती पुष्कळदा पायऱ्यांतच नोंदलेली असते. क्षयाच्या थुंकी-तपासणीत जंतू किती दिसले ते ‘एक अधिक’, ‘दोन अधिक’, ‘तीन अधिक’ असं लिहितात. कर्करोगाचा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा टप्पा असतो. कसोटी चुकीची लावली, तर चांगलं औषध मागं पडू शकतं आणि निरुपयोगी औषध पुढं येऊ शकतं.

अशा पायऱ्या दवाखान्याबाहेरही आहेत. आकाशवाणी आपल्या कलाकारांना ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी देते. ‘बी’चा गायक ‘बी-हाय’ला पोचायला जेवढी मेहनत लागते, तेवढ्याच मेहनतीत ‘ए’चा गायक ‘टॉप’ला पोचतो, असं कोणताही गवई मान्य करणार नाही. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोहच्या श्रेणीत कुरुंदाचा क्रमांक ९ आणि हिऱ्याचा १०. आकड्यांत फरक एकाचाच, पण प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या कित्येक पट कठीण आहे.

आकडा दिसला म्हणजे मोजमाप झालं असं नव्हे, ही गोष्ट हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नीट मांडली. त्यांनी आकड्यांच्या चार जाती सांगितल्या. पहिली नुसत्या नावासारखी. सचिन तेंडुलकरची जर्सी १० क्रमांकाची आणि धोनीची ७ क्रमांकाची, म्हणून त्यांची सरासरी साडेआठ काढण्यात काही अर्थ नाही. दुसरी जात क्रमाची, म्हणजे आपल्या पायऱ्या. तिसरीत अंतरं सारखी असतात, पण शून्य सोयीचं असतं, जसं सेल्सियस तापमान. २० अंशांच्या दुप्पट उष्णता ४० अंशांना असते असं म्हणता येत नाही. चौथ्या जातीत शून्यही खरं असतं, जसं वजन किंवा उंची. आपली अडचण दुसऱ्या जातीची आहे.

सरासरीचा मोह

पायऱ्यांची माहिती हाती आली की पहिला मोह होतो तो त्यांना गुण देऊन सरासरी काढण्याचा. यात काय बिघडतं, ते एका कल्पित उदाहरणानं पाहू. गुडघेदुखीवर दोन तेलं आहेत. प्रत्येक तेल दहा जणांना दिलं. पहिल्या तेलानं दहाही जणांना ‘थोडा आराम’ पडला. दुसऱ्या तेलानं पाच जणांना ‘पूर्ण आराम’ पडला आणि पाच जणांना ‘आराम नाही’.

‘आराम नाही’ला १, ‘थोडा आराम’ला २ आणि ‘पूर्ण आराम’ला ३ गुण दिले, तर दोन्ही तेलांची सरासरी २ येते. म्हणजे दोन्ही सारखी. आता कुणी म्हणेल, पूर्ण आराम ही फार मोठी गोष्ट आहे, तिला ५ गुण द्या. मग पहिल्याची सरासरी २ आणि दुसऱ्याची ३. दुसरं तेल जिंकलं. तिसरा म्हणेल, थोडा आरामही काही कमी नाही, त्याला ४ द्या. आता पहिल्याची सरासरी ४ आणि दुसऱ्याची ३. पहिलं तेल जिंकलं! रुग्ण तेच, उत्तरं तीच, पायऱ्यांचा क्रमही तोच. निकाल मात्र तीन. हे गुण रुग्णांनी दिलेले नाहीत, आपणच ठरवले आहेत. तेव्हा निकाल तेलाचा लागला की आपल्या गुणपद्धतीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टीव्हन्स यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉलच्या जर्सीवरच्या क्रमांकांची एक गमतीदार गोष्ट लिहून या कडक नियमाची फिरकी घेतली होती. आणि रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनं वीस-पंचवीस प्रश्नांच्या उत्तरांचे गुण मिळवून एकच बेरीज केली, तर ती बेरीज मोजमापाच्या बरीच जवळ जाते. तिची सरासरी काढून सहसा मोठा घोटाळा होत नाही. पण एकच प्रश्न, चार-पाच पायऱ्या आणि थोडी माणसं असतील, तर क्रमालाच धरून राहणं बरं.

एका औषधाची गोष्ट

आता खरं उदाहरण घेऊ. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती आणि औषध फार थोडं मिळालं होतं. ते सगळ्या रुग्णांना पुरणार नव्हतंच. तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं ठरवलं की, आहे तेवढ्या औषधावर शिस्तीत चाचणी घ्यायची. चाचणीची संख्याशास्त्रीय आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केली. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःलाच क्षयानं गाठलं होतं.

दोन्ही फुप्फुसांत तीव्र क्षय असलेले १०७ तरुण रुग्ण घेतले. कुणाला औषध आणि कुणाला त्या काळची रीत म्हणून नुसती अंथरुणावरची विश्रांती, हे यादृच्छिक संख्यांच्या आधारे आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवलं होतं. ५५ जणांच्या वाट्याला औषध आलं आणि ५२ जणांच्या वाट्याला विश्रांती. सहा महिन्यांनंतर दोन क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक डॉक्टर यांनी छातीचे फोटो वेगवेगळे तपासले. फोटो कोणत्या गटातल्या रुग्णाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. १९४८ च्या ऑक्टोबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आला. प्रत्येक रुग्ण सहांपैकी एका पायरीवर होता:

चांगली सुधारणा: औषध २८, विश्रांती ४
मध्यम किंवा थोडी सुधारणा: औषध १०, विश्रांती १३
विशेष फरक नाही: औषध २, विश्रांती ३
मध्यम किंवा थोडी बिघाडी: औषध ५, विश्रांती १२
बरीच बिघाडी: औषध ६, विश्रांती ६
मृत्यू: औषध ४, विश्रांती १४

शेवटची पायरी पाहा. वरपासून १ ते ६ असे गुण दिले, तर ‘बरीच बिघाडी’ ५ आणि ‘मृत्यू’ ६. म्हणजे बिघडलेला माणूस आणि गेलेला माणूस यांत एका गुणाचा फरक, आणि चांगली सुधारणा व थोडी सुधारणा यांतही एकाच गुणाचा! हे कोणाला पटेल? बरं, मृत्यूला गुण देणं अवघड म्हणून गेलेल्यांना बाजूला ठेवून फक्त जिवंत असलेल्यांची सरासरी काढावी, तर आणखीच फसगत होते. सगळे धरले तर दोन गटांच्या सरासरींत सुमारे दीड गुणाचं अंतर आहे. जिवंत तेवढेच धरले, तर ते सुमारे एका गुणावर येतं. कारण विश्रांतीच्या गटातली सगळ्यांत वाईट चौदा माणसं हिशेबातूनच निघून जातात. क्रम मानणाऱ्या कसोटीत हा पेच पडत नाही. मृत्यू इतर पायऱ्यांपेक्षा किती वाईट ते सांगावं लागत नाही, सर्वांत वाईट एवढं म्हटलं की पुरतं.

रांगेत उभं करा

मग क्रम मानणारी कसोटी चालते कशी? शाळेत कवायतीला दोन तुकड्यांची मुलं एकाच रांगेत उंचीप्रमाणे उभी केली, अशी कल्पना करा. फूटपट्टीची गरज नाही. शेजारी शेजारी उभं केलं की उंच कोण ते दिसतं. दोन्ही तुकड्या सारख्याच असतील, तर रांगेत ‘अ’ आणि ‘ब’ची मुलं मिसळून येतील. ‘अ’ची बहुतेक मुलं एका टोकाला गोळा झाली, तर तुकड्यांत फरक आहे असं वाटायला लागेल.

किती गोळा झाली म्हणजे फरक खरा मानायचा? प्रत्येकी चार मुलं घेतली, तर आठ जागांपैकी ‘अ’च्या चार जागा ७० प्रकारांनी निवडता येतात. सगळी ‘अ’ एका टोकाला आणि सगळी ‘ब’ दुसऱ्या टोकाला, असे त्यांत दोनच प्रकार. म्हणजे नुसत्या योगायोगानं असं होण्याची शक्यता ७० त २, शंभरात जवळपास तीन. प्रत्येकी तीनच मुलं घेतली, तर एकूण प्रकार २० आणि टोकाचे प्रकार २, म्हणजे शंभरात दहा. योगायोगाची शक्यता शंभरात पाचाहून कमी असावी, असा रिवाज आहे. तेव्हा प्रत्येकी तीन रुग्ण घेऊन केलेल्या प्रयोगात कितीही स्पष्ट फरक दिसला, तरी ही कसोटी त्याला मान्यता देऊच शकत नाही. प्रयोगाला माणसं किती घ्यायची हा प्रश्न आधी का विचारायचा, ते यावरून कळेल.

ही कल्पना फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये चार पानांच्या एका लेखात मांडली. ते व्यवसायानं रसायनशास्त्रज्ञ होते आणि अमेरिकेतल्या एका कंपनीत कीटकनाशकांवर काम करत होते. रोजच्या प्रयोगांची लांबलचक आकडेमोड टाळायला आकड्यांच्या जागी त्यांचे क्रमांक घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. १९४७ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हेन्री मान आणि डोनाल्ड व्हिटनी यांनी दोन गटांतल्या माणसांची संख्या वेगवेगळी असली तरी चालेल, असं त्याचं गणित पक्कं केलं. म्हणून या कसोटीला कुणी विल्कॉक्सनचं नाव देतं, कुणी मान-व्हिटनीचं. कसोटी एकच.

रांगेऐवजी जोड्या लावूनही तेच उत्तर मिळतं, आणि माझ्या मते सामान्य माणसाला समजायला ते जास्त सोपं आहे. औषध घेतलेला एक रुग्ण आणि विश्रांती घेतलेला एक रुग्ण अशी जोडी घ्या आणि पाहा, दोघांत बरा कोण? ५५ आणि ५२ रुग्णांच्या अशा २,८६० जोड्या होतात. वरच्या आकड्यांवरून मी मोजदाद केली. १,९४२ जोड्यांत औषधाचा रुग्ण वरच्या पायरीवर आहे, ५१८ जोड्यांत विश्रांतीचा, आणि ४०० जोड्यांत दोघे एकाच पायरीवर. बरोबरीच्या जोड्या दोघांत निम्म्या वाटल्या, तर औषधाच्या बाजूनं २,१४२ जोड्या येतात, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. औषधाचा काही उपयोग नसता, तर हा आकडा पन्नासच्या आसपास आला असता. केवळ योगायोगानं एवढा फरक पडण्याची शक्यता दहा लाखांत पाच-सहा एवढीच निघते. मृत्यूला ६ गुण द्या नाहीतर १०० द्या, यातला एकही आकडा हलत नाही.

इथं सरासरीनंही निष्कर्ष तोच आला असता, कारण फरकच मोठा होता. कसोटीची निवड महत्त्वाची ठरते ती फरक लहान असतो आणि माणसं थोडी असतात तेव्हा. बहुतेक औषधांच्या बाबतीत तसंच असतं.

क्रम विसरणारी कसोटी

कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी पुष्कळांच्या ओळखीची आहे. कोष्टक दिसलं की ती लावण्याची सवय असते. ती चूक नाही, पण तिला क्रम दिसत नाही. वरच्या कोष्टकात ‘मृत्यू’ची ओळ उचलून मध्ये घातली आणि ‘चांगली सुधारणा’ तळाला नेली, तरी तिचं उत्तर बदलत नाही. रक्तगट किंवा मातृभाषा यांसारख्या निव्वळ नावांसाठी ती योग्यच आहे. पायऱ्यांना ती लावली, तर हाती असलेली महत्त्वाची माहिती आपण टाकून देतो. स्ट्रेप्टोमायसिनच्या आकड्यांवर ती लावून पाहिली तर योगायोगाची शक्यता लाखात सुमारे सहा येते, म्हणजे क्रम मानणाऱ्या कसोटीच्या दसपट. इथं तेवढ्यानं बिघडलं नाही. लहान चाचणीत मात्र एवढ्याच फरकानं खरा गुण नजरेआड होऊ शकतो.

आणखी एक पळवाट म्हणजे सहा पायऱ्यांच्या दोनच करणं. ‘चांगली सुधारणा’ एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. मग औषधाच्या गटात ५१ टक्के आणि विश्रांतीच्या गटात ८ टक्के. किंवा नुसते मृत्यू पाहिले, तर ७ टक्के आणि २७ टक्के. सांगायला हे सोपं आहे आणि सांगावंही. पण रेघ कुठं मारायची ते आकडे पाहण्याआधी ठरवायला हवं. निकाल लागल्यावर उत्तीर्णतेची रेघ आखायची म्हटलं, तर कुणालाही पास करता येतं.

निवड करताना विचारायचे प्रश्न

संख्याशास्त्राशी संबंध आलेल्या माणसाला ‘कोणती कसोटी लावू?’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागतो. मी उलट चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: गट किती? दोन वेगवेगळे गट असतील, तर वर सांगितलेली विल्कॉक्सन-मान-व्हिटनी कसोटी. तीन किंवा अधिक असतील, तर विल्यम क्रुस्कल आणि अ‍ॅलन वॉलिस यांची १९५२ मधली कसोटी. कल्पना तीच, सगळ्यांची एक रांग लावायची. मात्र ती एवढंच सांगते की कुठंतरी फरक आहे. तो नेमका कोणत्या दोन गटांत, हे शोधायला पुन्हा जोडी-जोडीनं तपासावं लागतं, आणि तेव्हा कस जास्त कडक लावावा लागतो. कारण जितक्या वेळा तपासाल, तितकी योगायोगाला जास्त संधी.

दुसरा प्रश्न: माणसं तीच की वेगळी? उपचारापूर्वी आणि उपचारानंतर त्याच वीस जणांना विचारलं असेल, तर ते दोन गट नव्हेत. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. समजा, बारा जण सुधारले, तिघे बिघडले आणि पाच जण तसेच राहिले. तसेच राहिलेले बाजूला ठेवा. उरलेल्या पंधरांत बारा विरुद्ध तीन. पंधरा वेळा नाणं उडवून एका बाजूला बारा किंवा अधिक पडण्याची शक्यता शंभरात तीन-चार आहे. हिला चिन्ह-कसोटी म्हणतात, आणि ती फार जुनी आहे. १७१० मध्ये जॉन अर्बथनॉट यांनी लंडनमधल्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी घेतल्या. दर वर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त होते. हा निव्वळ योगायोग असू शकत नाही, असं त्यांनी याच रीतीनं दाखवलं. विल्कॉक्सन यांची अशा जोड्यांसाठीही एक कसोटी आहे, पण तिच्यात कुणाची सुधारणा मोठी आणि कुणाची लहान हे लावावं लागतं. पायऱ्यांमधली अंतरंच ठाऊक नसतील, तर तेही सांगता येत नाही. अशा वेळी साधी चिन्ह-कसोटीच जास्त प्रामाणिक.

त्याच माणसांनी तीन किंवा अधिक गोष्टींची तुलना केली असेल, तर १९३७ मधली फ्रीडमन कसोटी. मालदांडी आणि आणखी दोन वाणांच्या ज्वारीच्या भाकरी दहा जणांना चाखायला दिल्या. एक जण सगळ्यांनाच ‘उत्तम’ म्हणणारा, दुसरा नाकं मुरडणारा. या स्वभावाचा घोळ टाळायला प्रत्येकाच्या पसंतीचा पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक तेवढा घ्यायचा. हे फ्रीडमन म्हणजे पुढं १९७६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे मिल्टन फ्रीडमन.

तिसरा प्रश्न: गटांनाही क्रम आहे का? औषधाची मात्रा कमी, मध्यम, जास्त अशी असेल, तर मात्रेबरोबर गुण वाढतो का, हेच पाहायचं असतं. त्यासाठी टर्पस्ट्रा आणि जॉन्कहीर यांनी १९५२ आणि १९५४ मध्ये दिलेली कसोटी आहे. ती न लावता नुसती तीन गटांची कसोटी लावली, तर पुन्हा हातातली माहिती वाया जाते.

चौथा प्रश्न: इतर गोष्टींचा हिशेब घ्यायचा आहे का? एका गटात म्हातारी माणसं जास्त आणि दुसऱ्यात तरुण जास्त असतील, तर सरळ तुलना रास्त होत नाही. अशा वेळी पीटर मॅक्युलाह यांनी १९८० मध्ये मांडलेली क्रमदर्शक प्रतिमानं वापरतात. ती हातानं करण्यासारखी नाहीत, पण संगणकावर काही क्षणांत होतात.

कसोटी काय सांगत नाही

कसोटी निवडली म्हणजे काम संपत नाही. दोन-तीन गैरसमज फार पसरलेले आहेत.

मान-व्हिटनी कसोटी दोन गटांच्या मध्यकांची, म्हणजे रांगेत मधोमध येणाऱ्या माणसाची तुलना करते, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते सर्वसाधारणपणे खरं नाही. दोन्ही गटांचे मध्यक एकाच पायरीवर असूनही कसोटी फरक दाखवू शकते. ती जोड्यांमधली सरशी पाहते. म्हणून निकाल सांगतानाही ‘शंभरात पंचाहत्तर जोड्यांत औषधाची सरशी’ असा सांगावा. योगायोगाची शक्यता दहा लाखांत पाच-सहा आहे, यावरून औषध किती चांगलं ते कळत नाही. हजारो रुग्ण घेतले, तर एकोणीस-वीसचा फरकही तसा ठळक दिसू शकतो.

आपल्या दोन तेलांना ही कसोटी लावली, तर पन्नास जोड्यांत पहिलं जिंकतं आणि पन्नास जोड्यांत दुसरं. कसोटी म्हणेल, फरक नाही. पण एक तेल सगळ्यांना थोडा आराम देतं आणि दुसरं निम्म्यांना पूर्ण बरं करून निम्म्यांना तसंच ठेवतं, हा फरक डोळ्यांना दिसतोच. तो सरशीचा नाही, विखुरण्याचा आहे. दोन गटांतल्या मोजमापांचं विखुरणं क्रमांकांवरून तपासण्याच्या कसोट्याही आहेत. त्यांतली एक १९५७ मध्ये बी. व्ही. सुखात्मे यांनी दिली, आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांत ती सुखात्मे यांच्याच नावानं ओळखली जाते. पण कोणतीही कसोटी लावण्याआधी सगळ्या पायऱ्यांचं पूर्ण कोष्टक समोर ठेवून पाहावं, हे उत्तम.

आणि शेवटचा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा. ‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं नव्हे. प्रत्येकी तीन रुग्णांच्या प्रयोगात फरक आढळू शकतच नाही, हे आपण पाहिलं. दोन उपचार सारखेच आहेत असं म्हणायचं असेल, तर किती फरक चालवून घेऊ ते आधी सांगावं लागतं आणि पुरेशी माणसं घ्यावी लागतात. हा प्रश्न आपल्या देशात क्षयाच्याच बाबतीत उभा राहिला होता. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रात काही रुग्णांना घरी ठेवून आणि काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून वर्षभर तीच औषधं दिली. घरच्या उपचाराचा गुण सॅनेटोरियमच्या तोडीचा येतो, असं १९५९ मध्ये जाहीर झालं. पुढं त्या रुग्णांवर आणि त्यांच्या घरच्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. सॅनेटोरियममध्ये खाट मिळणं लाखो रुग्णांच्या नशिबी नव्हतं. त्यांना घरी राहून, कामधंद्याच्या आसपास राहून बरं होण्याचा रस्ता या तुलनेनं मोकळा केला.

स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत काही आठवड्यांतच जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, हेही दिसून आलं. म्हणून पुढं दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, आणि तीही अशाच तुलनांतून ठरली.

आता वर्तमानपत्रात ‘ग्राहकांचं सरासरी समाधान पाचपैकी ४.२’ असं वाचलंत, किंवा एखाद्या औषधाच्या जाहिरातीत ‘वेदना सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी’ असं दिसलं, तर एवढंच विचारा: लोकांनी उत्तरं कोणत्या पायऱ्यांत दिली होती? प्रत्येक पायरीवर किती जण होते? मध्येच सोडून गेलेले आणि दगावलेले कुठं मोजले? तुलना कोणाशी केली, आणि ती कशी करायची हे आधी ठरलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर कसोटीचं नाव विचारायला फारशी पंचाईत पडणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)